खालचे डरन्सी

स्टोक डरन्सी, डॉर्सेट
८ मार्च १९६४

चि. गिल्बर्ट यास हेस्टरचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर सोनेरी शाईत ते तीन बगळे पाहून पोस्टमन ते थेट वर हवेलीवर घेऊन चालला होता. मीच दुकानातून हाक मारून त्याला थांबवलं आणि सांगितलं की हे खाटकाकडचंच आहे, खाटकाच्या मुलाला न्यूझीलंडात पंख फुटलेत इतकंच. गिल, खरं सांगते, ते बगळे बघून मला शिसारी आली. बगळे वरच्या डरन्सींच्या कुलचिन्हातले. आपल्या दारावर आजवर काही टांगलं असेल तर डुक्कर.

तीस वर्षांत विसरला असशील म्हणून आठवण करून देते. गावाचं नाव डरन्सी, हवेलीचं डरन्सी, दारूच्या दुकानाचं डरन्सी आणि आपलंही डरन्सीच. ते वरचे, आपण खालचे. हे नाव आपल्याकडे कसं आलं कोणालाच ठाऊक नाही. बाबांच्या मते आपल्या कुठल्याशा पणजीने वरच्यांकडे धुणीभांडी केली असतील, आणि त्यापुढचं बोलायची गरज नाही. गंमत अशी, की वरच्यांमध्ये जन्माने डरन्सी असा आता एकही उरलेला नाही. सर पिअर्स निपुत्रिक गेले. उरल्या लेडी हॉनोरिया, त्या लीड्सच्या बिस्किटवाल्याची मुलगी! पण त्यांनीच आता ‘डरन्सी बंधुमंडळ’ काढलंय. जगात जिथे जिथे या नावाचं गाव किंवा माणूस आहे तिथे ‘प्रिय बांधव’ म्हणून पत्रं गेलीत आणि ऑगस्टात सगळ्यांचा मेळावा आहे. हवेलीचं छप्पर गळतंय हे काही त्या पत्रात लिहिलेलं नाही. खालच्या डरन्सींना आमंत्रण नाही. आपल्याला जेवणासाठी हॅमची ऑर्डर तेवढी आहे.

बाबांची छाती या थंडीत पुन्हा भरली. तरी रविवारची प्रार्थना झाली की चर्चच्या मागे उत्तरेला आईकडे जातातच. गुडघे टेकून, मेंढ्यांच्या जुन्या कात्रीने तिच्याभोवतीचं गवत कापतात. आई ज्यात डुकराच्या मुंडीचं मांस गोठवायची तो मातीचा तपकिरी सट तुला आठवतो ना? तो त्यांनी तिच्या दगडापाशी काठापर्यंत जमिनीत पुरलाय आणि त्यात फुलं ठेवतात. शेजारची जागा स्वतःसाठी राखलीय. परवा म्हणाले की आता दोनच कामं उरलीत, गिलला एकदा बघायचं आणि मग तिथे जाऊन पडायचं. तेव्हा मेळाव्याच्या निमित्ताने का होईना, येणार असशील तर ये. बगळे तिकडेच ठेव.

लोभ आहेच, तो शाईच्या रंगावर अवलंबून नाही.
तुझी,
हेस्टर डरन्सी, खाटीक

---

डरन्सी, कँटरबरी, न्यूझीलंड
२ एप्रिल १९६४

ती. हेस्टरताईस गिल्बर्टचा शि. सा. न. वि. वि.

तुझे बोचरे पत्र मिळाले. नोरीनला वाचून दाखवले, अर्थात सगळे नाही. तू तिथे बसून हसतेस, पण इथे या नावाला काय मान आहे याची तुला कल्पना नाही. वरच्यांपैकी कोणी धाकटा मुलगा शंभर वर्षांपूर्वी इथे मेंढ्या घेऊन आला, त्याच्या नावावर हे गाव वसले. डरन्सी हॉटेल, डरन्सी रस्ता, मेंढ्यांच्या कुत्र्यांच्या शर्यतीचा डरन्सी चषक. मी इथे उतरलो तेव्हा हॉटेलवाल्याने माझे नाव ऐकले आणि मला चांगली खोली दिली. मी काही खोटे बोललो नाही. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. पुढे दुकान थाटले, शेतीची यंत्रे विकू लागलो, आणि लोकांनी जे गृहीत धरले ते धरले. आता बंधुमंडळाच्या इथल्या शाखेचा चिटणीस मीच आहे.

आनंदाची बातमी अशी, की लेडी हॉनोरियांनी मला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. चर्चच्या आवारात गवत फार माजते, ते बांधवांना दिसले तर बरे दिसणार नाही, असे त्या म्हणतात. मी आमच्या कंपनीच्या इंग्लंडमधल्या माणसांकडून चर्चला मोटरचे गवत कापायचे यंत्र भेट पाठवतो आहे. रुंद पात्याचे, मागे जमीन दाबणारा रूळ असलेले. हिरवळीवर पट्टे उठतात! त्यावर पितळी पाटी लावायला सांगितली आहे. बाबांचाही कात्रीचा त्रास वाचेल.

आम्ही जूनअखेर बोटीने निघतो. एक विनंती, मेळाव्यात दुकानाचा विषय शक्यतो निघू नये. सॉसेजचा तर नकोच. आणि बाबांना त्या दिवशी कॉलर लावता आली तर पाहा.

रागावतेस म्हणून लोभ कमी होत नाही, हे जाणून असणारा,
गिल्बर्ट

---

स्टोक डरन्सी
२४ मे १९६४

चि. गिल्बर्ट यास,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, ते पुढच्या पत्रात देईन.

तुझं यंत्र आलं. पितळी पाटी चकचकीत आहे. पाद्रीबुवांनी ते चालवून पाहिलं, तर उत्तरेकडच्या कबरींमधून ते जाईना. दगड आड येतात, दगडी काठ आड येतात, पातं अडकतं. आता कोणाही शहाण्या माणसाने यंत्र परत पाठवलं असतं. चर्चच्या समितीने काय ठरवलं असेल? यंत्र राहील, कबरी हलतील! दगड उपटून भिंतीला टेकवायचे, काठ काढायचे, जमीन सपाट करायची. सूचना म्हणे चर्चच्या दारात लावली होती. होती खरी, फुलं सजवण्याच्या पाळ्यांच्या कागदाखाली. बाबा तेव्हा अंथरुणात, मी त्यांच्या उशाशी. डॉर्चेस्टरहून माणसं आली आणि काम उरकून गेली. आपल्याला कळलं ते दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून.

मी धावत गेले. गिल, तिथे हिरवळ आहे. नुसती हिरवळ. आणि भिंतीशी सगळे दगड उभे, शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तसे उंचीप्रमाणे लावलेले. पाद्रीबुवांच्या बायकोला ते तसे छान दिसले. आईचा दगड बुटका, म्हणून एका टोकाला, कुठल्याशा परक्या कर्नलच्या शेजारी. कोणता दगड कुठून उपटला ते कोणी टिपून ठेवलेलं नाही. उत्तरेकडचा नकाशा कधी नव्हताच, कारण तिकडे आपल्यासारखेच लोक. चर्चच्या आतल्या वरच्या डरन्सींच्या संगमरवराला मात्र कोणी बोट लावलं नाही.

पाद्रीबुवांना विचारलं की माझी आई कुठे आहे. ते म्हणाले की देवाला ठाऊक आहे. मी म्हटलं की देवाला शेजारी पुरायचं नाहीये, माझ्या बापाला पुरायचंय. त्यावर त्यांनी मला चहा विचारला. मला त्या चहाची, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या हिरवळीची आणि त्या पितळी पाटीवरच्या आपल्या नावाची किळस आली. फुलदाण्या, बरण्या, भांडी सगळी एका ढिगात फेकलीत. ढीग उपसून पाहिला, आईचा सट त्यात नाही. फुटला असेल.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. उभं राहता आलं की ते पहिले तिकडेच जाणार. मी काय सांगू, ते तू लिही. यंत्र तुझं आहे.

हेस्टर डरन्सी, खाटीक

---

डरन्सी, न्यूझीलंड
१० जून १९६४

ती. हेस्टरताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटले. पण तू प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेतेस. लेडी हॉनोरियांनी हिरवळीचा फोटो पाठवला आहे, आणि खरे सांगायचे तर आवार इतके नीटनेटके मी कधी पाहिले नव्हते. आईला टापटीप आवडायची. दगड नष्ट झालेला नाही, फक्त हलला आहे. शेवटी माणूस दगडाखाली थोडाच असतो?

आई त्या जुन्या झाडाजवळ होती ना? की कुंपणाच्या बाजूला? मला नक्की आठवत नाही. पुरले त्या दिवशी मी फार वेळ खाली पाहत होतो.

आता कृपा करून एवढे कर. मेळावा पार पडेपर्यंत गावात तमाशा नको. परदेशी शाखांच्या वतीने जेवणानंतर आभाराचे भाषण माझ्याकडे आहे. ते झाले की मी स्वतः पाद्रीबुवांशी बोलतो. नोरीनने बाबांसाठी लोकरीचा गळपट्टा विणला आहे.

लोभ ठेवावा, निदान बोट लागेपर्यंत.
गिल्बर्ट

---

स्टोक डरन्सी
१९ जुलै १९६४
(बोटीच्या कचेरीमार्फत, साउथहॅम्प्टन)

चि. गिल्बर्ट यास अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

बोटीवरून उतरल्यावर हे हातात पडेल. बाबांना कळलं. एका रविवारी माझा हात न धरता उठले, कात्री खिशात घातली आणि निघाले. मी मागून गेले. हिरवळीच्या काठावर ते थांबले. मला एवढंच विचारलं की इथे कोणाचं लग्न आहे का.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही इतकी वर्षं येताय, तुम्हाला जागा आठवत असेल. त्यांनी मान हलवली. ते आईकडे कायम दगडांवरून जायचे. जोब सुताराच्या दगडावरून वळायचं, मग त्या जुळ्या मुलींचा दगड, आणि त्यामागे आई, त्यांची अ‍ॅडा. झाडाकडे, भिंतीकडे कधी बघितलंच नाही, बघायची गरज काय होती. आता जोब भिंतीशी उभा आहे आणि जुळ्या मुली आणखी कुठे.

सट ढिगात नव्हता हे मी सांगितलं. मला वाटलं होतं ते खचतील, पण त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. ते म्हणाले की ढिगात नाही म्हणजे जमिनीत आहे. त्या आळशांनी वर दिसलं तेवढंच उचललं असणार आणि त्यावर हिरवळीचे तुकडे अंथरले असणार. तेव्हापासून रोज सकाळी दुकानातली खुर्ची घेऊन जातात, हिरवळीवर मांडून बसतात आणि सुऱ्यांना धार लावायच्या सळईने खुर्चीभोवती हात पुरेल तिथवर टोचत राहतात. खडा लागला की हातांनी उकरून बघतात. दुसऱ्या दिवशी खुर्ची थोडी पुढे. जमीन उन्हाने विटेसारखी झालीय, सळई धड आत जात नाही. हातांची सालं निघालीत. मी टोचते म्हटलं तर ऐकत नाहीत.

गावाला वाटतं म्हातारा भ्रमिष्ट झाला. परवा लेडी हॉनोरिया स्वतः आल्या, तंबूच्या खुंट्या कुठे ठोकायच्या ते बघायला. त्यांनी बाबांना प्रेमाने नाव विचारलं. बाबांनी सांगितलं की बाईसाहेब, नाव तुमचंच आहे, फक्त आमचं दुकानावर लिहिलेलं असल्यामुळे ते वाचून लोकांना काहीतरी मिळतं. त्यांना काही समजलं नसावं. त्या हसल्या आणि म्हणाल्या की मेळाव्याच्या दिवशी खुर्ची जरा भिंतीकडे सरकवाल ना. दगडांसारखी. मला त्या हसण्याची इतकी किळस आली की दुकानात येऊन मी हात धुतले.

ते तुझी वाट बघतात. गाडीतून उतरून आधी दुकानात ये.

लोभ कर किंवा करू नकोस, पण ये.
हेस्टर डरन्सी, खाटीक

---

डरन्सी हवेली
७ ऑगस्ट १९६४, सकाळ

ती. हेस्टरताईस शि. सा. न.

ही चिठ्ठी हवेलीच्या माळ्याबरोबर पाठवतो. आम्ही काल रात्री पोचलो. आमची व्यवस्था लेडी हॉनोरियांनी इथेच केली आहे, मला नाही म्हणता येईना. इथे ओहायोचे एक दंतवैद्य आहेत, कॅनडाचे एक न्यायाधीश आहेत, सगळे घराण्याबद्दल फार आस्थेने विचारतात. अशा वेळी उठून गावात जाणे बरे दिसत नाही. उद्या जेवणाआधी एक छोटा समारंभ ठेवला आहे, मी सर्वांसमोर यंत्र चालवून हिरवळीवर पहिला पट्टा पाडायचा. भाषण झाले की मागच्या वाटेने खाली येतोच.

बाबांना उद्या घरी ठेवता आले तर फार उपकार होतील. उन्हाचा त्रास होईल त्यांना.

तुझा,
गिल्बर्ट

---

दुकान, दुपार

गिल्बर्ट,

तू अर्ध्या मैलावर आहेस आणि मला चिठ्ठी लिहितोस. उत्तर तुझ्याच माळ्याच्या हाती देते, त्याला अर्धा पौंड सॉसेज फुकट दिलेत, कारण तो बिचारा लाजला.

बाबा काल दुपारपासून दाढी करून, कॉलर लावून दुकानाच्या दारात बसलेत. रात्री जेवले नाहीत, तू आल्यावर बरोबर जेवणार म्हणून. तू वर झोपलास हे मी त्यांना सांगितलेलं नाही. बोट लांबली असं सांगितलं. आयुष्यात मी गिऱ्हाइकाला वजनात फसवलं नाही, आज बापाला फसवलं, तेही तुझ्यासाठी. मला तुझी किळस येते, गिल.

बाबांना घरी ठेवणार नाही. हॅम वेळेवर पोचतील.

हेस्टर

---

साउथहॅम्प्टन
१६ ऑगस्ट १९६४

ती. हेस्टरताईस शि. सा. न. वि. वि.

आम्ही ठरल्यापेक्षा आधी निघालो, नोरीनची तब्येत बरी नव्हती. तो प्रकार घडला त्याबद्दल मला फार खेद आहे. सगळे माझ्याकडे पाहत होते, यंत्र मोडले होते, लेडी हॉनोरिया विचारत होत्या, आणि माझ्या तोंडून जे निघाले ते निघाले. मी नंतर खाली येणार होतो. खरेच येणार होतो. मग वाटले, कोणत्या तोंडाने येऊ.

बाबांना सांग की मी पत्र लिहीन. गळपट्टा पार्सलने पाठवला आहे.

लोभ राहिला असेल तर असू द्यावा.
गिल्बर्ट

---

स्टोक डरन्सी
१ नोव्हेंबर १९६४

गिल्बर्ट यास,

तुझी नंतरची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण हात रिकामा नव्हता. बाबा गेल्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गेले. त्रास फार झाला नाही.

तू ‘तो प्रकार’ असं लिहितोस. मी त्याला प्रकार म्हणणार नाही. जे झालं ते लिहिते, म्हणजे तुझ्याकडे ते एकदा तरी सरळ लिहिलेलं राहील.

मी तंबूच्या दारात हॅम कापत होते. तू करड्या सुटात यंत्रामागे चालत होतास, छातीवर बगळे लावून. मंडळी टाळ्या वाजवत होती. बाबांनी खुर्ची हलवली नव्हती, तू आलास आणि त्यांना वळसा घालून जायला लागलास. तुमची नजरानजर झालेली मी पाहिली. तीस वर्षांनी. तेवढ्यात पात्याखाली कडकड झाली, यंत्र आचका देऊन बंद पडलं आणि तपकिरी खापऱ्या उडाल्या. इतक्या उन्हाने जमीन खचून सटाचा काठ वर आला होता. बाबा महिनाभर सळईने जे शोधत होते ते तुझ्या यंत्राला लागलं, त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. बाबा खाली बसले, एक खापरी उचलून कोटाला पुसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुला सांगितलं की गिल, तुला आई सापडली.

त्यांना राग नव्हता, गिल. ते आनंदाने सांगत होते. तुला शाबासकी देत होते.

आणि लेडी हॉनोरियांनी विचारलं की हा माणूस तुम्हाला ओळखतो का, तेव्हा तू म्हणालास की नाही, गावातला कोणी म्हातारा असावा, डोकं फिरलेलं दिसतंय. मग न्यायाधीशांच्या बरोबर तंबूत गेलास. माझ्या समोरून गेलास. मी कापलेला हॅम तू खाल्लास की नाही ते मला ठाऊक नाही.

त्यानंतरचं तुला कोणी सांगितलं नसेल. मेळाव्याला एक क्लेमंट डरन्सी आले होते, रेडिंगला बसवर कंडक्टर आहेत, मूळचे बार्बाडोसचे, काळे. त्यांनाही ‘प्रिय बांधव’ म्हणून पत्र गेलं होतं. पत्रात रंग दिसत नाही. ते आल्यावर सगळ्यांची पंचाईत झाली आणि त्यांना तंबूच्या खांबामागची खुर्ची मिळाली. सगळे आत जेवत असताना हा एकटा माणूस चांगल्या विजारीची पर्वा न करता गुडघ्यांवर बसला आणि बाबांबरोबर खापऱ्या वेचू लागला. त्याने सांगितलं की त्याच्या पणजोबाला हे नाव तिकडे वरच्यांच्या उसाच्या मळ्यावर गुलाम असताना मिळालं, कोणी मागितलं नव्हतं. बाबा म्हणाले की आमचंही तसंच काहीतरी असावं, फक्त आम्हाला चाबूक नव्हता. संध्याकाळी क्लेमंट दुकानात आमच्याबरोबर जेवले. तुझ्यासाठी वाढून ठेवलेलं ताट बाबांनी त्यांच्यापुढे सरकवलं. बाबांना खांदा द्यायला क्लेमंट रजा काढून आले होते.

तू भेटलास की नाही यावर बाबा कधीच बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले की गिलची चाल अजून तशीच आहे, डावा पाय जरा बाहेर.

सटाचं बूड जमिनीत शाबूत होतं, ते तसंच ठेवलं. बाबांना आईच्या शेजारी, जिथे खुर्ची होती तिथेच ठेवलं. उभा दगड चालणार नाही असं समितीने कळवलं, यंत्र दुरुस्त होऊन आलंय म्हणे. जमिनीच्या पातळीत बसेल असा आडवा दगड चालेल. दगडावर काय कोरायचं ते बाबांनी शेवटच्या आठवड्यात मला सांगून ठेवलं होतं. मी दोनदा विचारून खात्री केली. ते शुद्धीवर होते. दगड कालच बसवला. त्यावर एवढंच आहे, ‘सायलस, अ‍ॅडाचा नवरा.’

आडनाव त्यांनी कोरू दिलं नाही. म्हणाले, ते राहू दे, गिलला लागतं.

हेस्टर